दोनदा मोजलेला माणूस

आमच्या ग्राबेनबाखमध्ये मूल जन्मलं की आधी विचारतात मुलगा की मुलगी, आणि लगेच त्याच दमात, लाल की काळं. लाल म्हणजे लाकूड गिरणीतल्या आणि रेल्वेतल्या कामगारांचा पक्ष. काळा म्हणजे दूधवाल्या शेतकऱ्यांचा आणि चर्चमध्ये पहिल्या दोन बाकांवर बसणाऱ्यांचा. लालांची खानावळ स्टेशनजवळ, काळ्यांची चर्चजवळ. बेकऱ्या दोन, बँड दोन, नेमबाजीचे क्लब दोन. आग मात्र रंग बघून लागत नाही, म्हणून बंब तेवढा एक.

आणि बस एक. ती माझी. माझं नाव नोटबुर्गा, गाव बुर्गी म्हणतं. व्हिएन्नाला नेणारी दुसरी बस पंचक्रोशीत नसल्यामुळे माझा रंग कुठला हे विचारायची हिंमत दोन्हीकडे कोणाला झालेली नाही.

म्हाताऱ्यांची मंडळंही अर्थातच दोन. नाताळच्या आधी दोन्ही मंडळं व्हिएन्नाचा बाजार बघायला जातात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी लाल, दुसऱ्या शनिवारी काळे. बाजार तोच, गरम वाइन तीच, लसूण चोपडलेली, पुरीसारखी तळलेली लांगोश तीच. तरी दोघंही परत येताना एकच सांगतात की त्या लोकांना बाजार बघायचा कधी हेसुद्धा कळत नाही.

पण माणसं काही जन्मभर म्हातारी राहत नाहीत, मरतात. यंदा लालांची झाली एकवीस आणि काळ्यांचीही एकवीस. अर्ध्या बसला डिझेल पूर्ण लागतं, हे मी दोन्ही अध्यक्षांना वेगवेगळं समजावलं, आणि देशाच्या इतिहासात नसेल पण गावाच्या इतिहासात प्रथमच दोन्ही रंग एका बसमध्ये बसायला तयार झाले. वाटाघाटी ऑगस्टमध्ये सुरू झाल्या आणि झाडांची पानं गळेपर्यंत चालल्या. लाल डावीकडे बसणार, काळे उजवीकडे, यावर भांडण झालं नाही. भांडण झालं ते आधी कोणी उतरायचं यावर. शेवटी ठरलं की जाताना आधी लाल उतरतील, येताना काळे. दोन्हीकडे माणसं सारखी असल्यामुळे एवढं तरी जमलं. एक जरी इकडचं तिकडे असतं, तरी ज्याचं पारडं जड त्याने बस चालवायलाही मागितली असती.

आता यात एक गोम होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. एकवीस आणि एकवीस बेचाळीस होत नव्हते.

कारण इतकी वर्षं दोन्ही शनिवारी माझ्या बसमध्ये चढणारा एक माणूस होता. एंगेलबर्ट, आमचा बेर्टल. तरुणपणी रेल्वेत नोकरी हवी होती तेव्हा तो लाल झाला. पुढे दूधसंघाच्या कारकुनाची हर्मिने आवडली, तेव्हा सासरा म्हणाला, आधी काळा हो, मग मांडीला मांडी लावून बस. बेर्टल काळा झाला. लाल पुसायचं मात्र राहून गेलं. नोकरी टिकली, बायको टिकली, मग कशाला हात लावा? दोन दगडांवर पाय ठेवलेला माणूस पडतो म्हणतात. हा चांगला एकोणऐंशी वर्षांचा झाला. लाल आणि काळे एकमेकांशी बोलतच नाहीत, मग ताडून बघणार कोण?

सहलीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी तो येऊन माझ्या दारापाशी उभा राहिला. टोपी हातात.

"बुर्गी, आज माझं काही खरं नाही."

"मग घरी बसायचंस. पोट दुखतंय म्हणायचंस."

"म्हणणार होतो गं. काल पोस्पिशिल आला, म्हणाला, तू नसलास तर आमचे वीस आणि त्यांचे एकवीस, नाक कापलं जाईल. तो गेला आणि हासलिंगर आला. तोही तेच म्हणाला."

पोस्पिशिल हा लालांचा अध्यक्ष, गिरणीतला निवृत्त मुकादम, आवाज अजून करवतीसारखा. हासलिंगर काळ्यांचा, चाळीस गाई आणि एक मत असलेला.

"कळलं तर काय करतील? खातील का तुला?"

"काढून टाकतील. दोघेही." बेर्टल टोपी फिरवत राहिला. "हर्मिने गेल्यापासून सोमवारी लालांकडे टारॉक खेळतो, गुरुवारी काळ्यांकडे. बाकीचे पाच दिवस माझ्याशी रेडिओ बोलतो. त्या दोन संध्याकाळी गेल्या ना बुर्गी, तर मला बोलायला भिंत उरेल. आणि भिंतीला पत्ते खेळता येत नाहीत."

थट्टा करायचा मोह मला सहसा आवरत नाही. तेव्हा आवरला. चालकाच्या शेजारी एक घडीची खुर्ची असते, ती मी उघडून दिली. "इथे बस. मागे बसलं की ढवळतं म्हणून सांग. ही ना डावी, ना उजवी."

माणसं चढली. पोस्पिशिलने बोट नाचवत आपली माणसं मोजली, शेवटी पुढे बेर्टलकडे बोट केलं आणि म्हणाला, "एकवीस!" हासलिंगरने आपली मोजली, शेवटी पुढे बेर्टलकडे मान हलवली आणि म्हणाला, "आमचेही एकवीस." दोघांनाही वाटलं, आपला माणूस पुढे बसून चालकावर लक्ष ठेवतोय. बेर्टल काचेतून बर्फाकडे बघत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या.

व्हिएन्नात रिंग रस्त्यावर मार्गदर्शक मुलगी चढली. फ्रीडेरिके नाव, कोटावर सरकारी परवान्याचा कोरा करकरीत बिल्ला, हातात पिवळी छत्री. पहिलाच हंगाम होता तिचा. "बेचाळीस ना?" तिने विचारलं. दोन्ही अध्यक्ष एकदम म्हणाले, "बेचाळीस." इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही चुकीच्या आकड्यावर.

नगरभवनासमोरच्या मैदानात बाजार भरला होता. गर्दी अशी, की स्वतःचं कोपर कुठलं ते बघायला मान वळवावी लागत होती. तिथल्या मोठ्या झाडाखाली फ्रीडेरिकेने सगळ्यांना उभं केलं आणि सांगायला लागली की हे झाड दरवर्षी वेगळ्या प्रांतातून भेट म्हणून येतं.

"वाकडं आहे," हासलिंगर म्हणाला. "माझ्या गोठ्यामागे याहून सरळ आहे."

"गोठ्यामागे सरळ असं दुसरं काही नाहीच म्हणा," पोस्पिशिल म्हणाला.

मुलगी हुशार होती, तिने लगेच सगळ्यांना पांगवलं. चार वाजता इथेच, झाडाखाली.

मग जे म्हातारे लोक करतात ते सगळ्यांनी केलं. दोन तास हिंडून प्रत्येकाने एक मेणबत्ती, एक लाकडी तारा आणि गेल्या वर्षी घेतलेल्याच चवीचा मध घेतला. लालांनी गरम वाइनचे पेले एका दुकानापाशी रिचवले, काळ्यांनी समोरच्या. मधल्या वाटेत चेस्टनट भाजणाऱ्यापाशी बेर्टल उभा होता आणि दोन्हीकडून हाक आली की दोन्हीकडे पेला उंचावत होता. त्याला एका दिवसात दोन शनिवार भोगायचे होते. तीन पेल्यांनंतर मला वाटलं, निभावलं याने.

चार वाजता झाडाखाली मोजणी झाली. फ्रीडेरिके म्हणाली, "अध्यक्षमहाशय, आपापली माणसं मोजा." पोस्पिशिलने मोजली. बेर्टल लालांत उभा. एकवीस. मग हासलिंगरने मोजली. तोवर बेर्टल बुटाची नाडी बांधायला वाकला होता, तो सरळ झाला काळ्यांमध्ये. एकवीस. फ्रीडेरिके खूश. छत्री वर, चला बसकडे.

बस तिथे उभी करू देत नाहीत. ती मागच्या गल्लीत. बसच्या दारात फ्रीडेरिकेने प्रत्येक डोक्याला हातातल्या यंत्राचं बटण दाबलं. एकेचाळीस.

"एक जण मागे राहिला," ती म्हणाली. सगळ्यांना खाली उतरवलं. झाडाखाली परत. तिथे अध्यक्षांनी मोजलं. एकवीस आणि एकवीस. बेर्टलची दुसरी नाडीही सुटली होती. पुन्हा बसपाशी. एकेचाळीस.

"म्हणजे झाडापाशी सगळे असतात," फ्रीडेरिके स्वतःशीच बोलायला लागली, "आणि इथे येईपर्यंत वाटेत एक जण नाहीसा होतो. दोन्ही वेळा."

"दारूच्या दुकानावरून जातो ना आपण," हासलिंगर म्हणाला. "त्यांच्यातला असणार."

"आमचे एकवीस मी स्वतः मोजलेत! तुमच्यातलाच कोणी चर्च बघून आत शिरला असेल."

"चर्च? वाटेत चर्चच नाही!"

"तुम्ही लोक शोधून काढता."

"नाव सांगा ना पण," मुलगी रडकुंडीला आली. "जो हरवलाय त्याचं नाव काय?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. ज्याच्याकडे बघावं तो हजर. हरवलेला माणूस सापडत नाही हे मी पुष्कळदा बघितलंय, पण हरवलंय कोण हेच सापडत नाही, हे प्रथमच बघत होते. पोस्पिशिलची बायको म्हणाली, "आमची थेरेस असेल, ती अशीच आहे." थेरेस तिच्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "अशीच म्हणजे कशी?" आणि तिथे वेगळं भांडण उभं राहिलं.

फ्रीडेरिके बाजाराच्या सूचना देतात त्या खोपट्याकडे धावली. आम्हीही मागोमाग. आतल्या बाईने विचारलं, "पुरुष की बाई?" माहीत नाही. "वय?" म्हातारं. "अंगावर काय?" कोट. थोड्या वेळाने भोंग्यातून मैदानभर आवाज घुमला, "ग्राबेनबाखचं जे कोणी म्हातारं माणूस कोट घालून हरवलं असेल, त्याने झाडाखाली यावं."

दोघं आली. एक बाई, तिला वाटलं फुकट काही वाटतायत. आणि एक लांब मिशांचा गृहस्थ. तो म्हणाला, "हरवलोय खरा, पण मी ग्राबेनबाखचा नाही. तरी तुमच्या बसमध्ये जागा असेल तर चालेल मला. आमच्या बसमध्ये फार गातात." त्याला घ्यावं असं हासलिंगर हळूच म्हणाला. आकडा तर जुळेल.

अंधार पडला, थंडी चावायला लागली. म्हातारे एका पायावरून दुसऱ्या पायावर. फ्रीडेरिकेने फोन काढला. बाहीने डोळे पुसले. "मी पोलिसांना कळवते. नियम आहे तसा. मी सहलीतला माणूस हरवला अशी नोंद होईल आणि माझा परवाना जाईल, जाऊ दे. पण एवढ्या थंडीत एक म्हातारं माणूस कुठेतरी पडलं असेल तर?"

बेर्टल माझ्या शेजारी उभा होता. माझ्या बाहीला त्याने धरलं.

"बुर्गी, ही पोर रडतेय."

"दिसतंय मला."

"माझ्यासाठी रडतेय. मी पडलोय असं वाटतंय तिला कुठेतरी."

"मी काय सांगू? तुझ्या संध्याकाळी, तुझी जीभ."

तो पुढे झाला आणि तिच्या फोनवर आपला हातमोजा ठेवला. "पोरी, राहू दे. कोणी हरवलेलं नाही. मी दोनदा मोजला जातोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी यांचाही आहे आणि त्यांचाही आहे. पन्नासएक वर्षं झाली."

त्या सगळ्या घोळक्यात आनंद झाला तो फक्त फ्रीडेरिकेला. ती त्याच्या गळ्यातच पडली. "एकेचाळीसच होते! मला मोजता येतं!" असं ती दोनदा म्हणाली. बाकी सगळे गोठले. कोणाच्या तरी हातातली लांगोश वाकली आणि लसणाचं तेल बुटावर पडलं, तरी पुसायचं सुचलं नाही.

पोस्पिशिलला आधी वाचा फुटली. "काळ्यांमध्ये? तू? माझ्या लग्नात तू लाल झेंडा धरला होतास!"

"धरला होता. जड होता," बेर्टल म्हणाला.

"आणि धर्मगुरूंच्या वाढदिवसाला आमच्या बाजूने भाषण केलंस ते?" हासलिंगर ओरडला.

"तेही केलं. छोटंच होतं."

"मी तुला मंडळातून काढतो! आत्ता! या झाडाच्या साक्षीने!"

"मी आधी काढलाय," हासलिंगर म्हणाला.

"तोंड माझं आधी उघडलं!"

"मी मनात काढला होता त्याच्याही आधी!"

कोणी आधी काढला यावर बराच वेळ गेला. फ्रीडेरिकेने दोघांनी एकाच वेळी काढलं असा निवाडा दिला, छत्री मिटली आणि आम्हाला बसमध्ये बसवून निरोप घेतला. जाताना तिने बेर्टलच्या खिशात गरम चेस्टनटची पुडी सरकवली. त्याने ती उघडली नाही.

बस निघाली. बेर्टल घडीच्या खुर्चीवर. शहराचे दिवे संपले तेव्हा तो हळूच म्हणाला, "सोमवारी काय असतं गं रेडिओवर?" मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

पण माझ्या डोक्यावर आरसा आहे, आणि बसमध्ये कुजबुज कधीच मागे राहत नाही. टारॉक हा डाव आम्ही चौघांत खेळतो. तीन जणांत खेळायचा म्हणजे तीन पायांच्या गाईचं दूध काढण्यासारखं. शहर सोडल्यानंतरच्या तिसऱ्या फाट्यापर्यंत हे डावीकडे लक्षात आलं.

"सोमवारी चौथा कोण?" पोस्पिशिल विचारत होता.

"ग्रेगोर."

"त्याला ऐकू येत नाही. राजा कुठला मागितला ते त्याला लिहून दाखवावं लागेल."

"मग थेरेसचा नवरा."

"तो सात वाजता झोपतो. पत्ते हातात धरून झोपतो."

उजवीकडेही तोच हिशोब मांडला होता. तिथे एक उमेदवार हरला की रडायचा, दुसरा जिंकला की गायचा. "बेर्टल बरा होता," कोणीतरी म्हणालं. "हरायचा पण वेळेवर हरायचा." हासलिंगर दबक्या आवाजात म्हणाला, "नाव काढू नका त्याचं." आणि मग बराच वेळ त्याचंच नाव काढत बसले.

टेकडीचा चढ लागला तसा पोस्पिशिल उठून पुढे आला. "बुर्गी, हीटर जरा वाढव गं." हीटर वाढवायला तो कधी पुढे येत नाही, जागेवरून ओरडतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला सवय नव्हती, म्हणून ते चांगलंच दिसत होतं. तो बेर्टलच्या खुर्चीवर वाकला.

"ऐक. काळ्यांनी तुला काढलं ना?"

"काढलं. तुम्हीही काढलंत. सगळ्यांसमोर."

"काढायचं सगळ्यांसमोर असतं. आत घ्यायला सगळे कशाला हवेत? आता तू त्यांचा नाहीस, म्हणजे निव्वळ आमचा झालास. आधी अर्धा होतास, आता सबंध. सोमवारी सहाला ये. फक्त त्या गोठेवाल्याला कळू देऊ नकोस."

"आणि बाकीचे लाल?"

"त्यांनीच पाठवलंय मला," पोस्पिशिल म्हणाला, आणि मग आवाज चढवून, "हां, आता उबदार वाटतंय बघ!" असं म्हणत मागे गेला.

मी बेर्टलकडे बघितलं नाही. वळण होतं. पुढच्या गावाची पाटी गेली तोवर हासलिंगर हजर.

"बुर्गी, हीटर कमी कर, माणसं उकडतायत." आणि लगेच वाकून, "बेर्टल, चर्च काय सांगतं? पापी माणसाने कबुली दिली की त्याला जवळ घ्यावं. तू कबुली दिलीस. मी बायकोशी बोललो, ती म्हणाली, घ्या."

"पण मला काढलंय तुम्ही."

"लालांनीही काढलंय. त्यामुळे तुझ्या अंगावरचा तो रंग आता धुतला गेला. गुरुवारी ये. हर्मिनेच्या आत्म्याला बरं वाटेल. लालांना मात्र सांगू नकोस, उगाच जळतील."

"नाही सांगणार," बेर्टल म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

हासलिंगर गेल्यावर त्याने चेस्टनटची पुडी उघडली. थंड झाले होते, तरी एक सोलून मला दिला, एक स्वतः खाल्ला.

"बुर्गी, आता मी काय आहे?"

"सकाळी होतास तोच. फक्त सकाळी ते तुला नकळत मोजत होते, आता चोरून मोजणार."

"पुढच्या वर्षी काय करायचं?"

"पुढच्या वर्षी ते मला बेचाळीस जागा सांगतील, मी एकेचाळीस धरीन. तू खुर्चीवर बस आणि नाड्या नसलेले बूट घाल."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. मागून दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज आला, "बेर्टलला पाणी द्या कोणीतरी!" आणि मग दोन्ही बाजू इतक्या चपापल्या, की गाव येईपर्यंत कोणी पुन्हा तोंड उघडलं नाही.

चौकात बस थांबवली. ठरल्याप्रमाणे आधी काळे उतरले, मग लाल. माणसं मेणबत्त्या आणि मधाच्या बाटल्या सावरत आपापल्या गल्लीला लागली. बेर्टल सर्वांत शेवटी उतरला, मला टोपी काढून दाखवली, आणि डेअरीच्या मागच्या बोळातून घरी निघून गेला.

दोन्ही अध्यक्ष मात्र चौकातच. त्यांना दोघांनाही त्याला घरापर्यंत सोडायला जायचं होतं, सोमवारचं आणि गुरुवारचं पक्कं करायला. पण दुसरा बघत असताना जायचं कसं? म्हणून प्रत्येक जण दुसरा घरी जायची वाट बघत होता. बेर्टल गेला हे दोघांनाही दिसलं नव्हतं.

"थंडी आहे," पोस्पिशिल म्हणाला.

"आहे," हासलिंगर म्हणाला. "तुम्ही निघा, तुमचं घर लांब."

"मला घाई नाही. तुमच्या गाई वाट बघत असतील."

"गाईंचं दूध मुलगा काढतो."

"मुलगा बरा आहे ना?"

"आहे. तुमचा?"

"आहे."

त्यांचं एवढं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकत बसायला मजाही आली असती. पण दोघेही नेमके माझ्या वळणात उभे होते, आणि मला बस आत घ्यायची होती. मी हॉर्न वाजवला.